म्हशी उतरतात तिथलं पाणी

दिवाळीचा झेंडू उतरला की आमच्या मळ्याला एकदम सुट्टी लागल्यासारखं होतं. दसऱ्यापासून हाताला बसलेला वास साबणाने जात नाही, बोटांच्या पेरांत हिरवट पिवळा रंग मुरलेला असतो, आणि मग एका सकाळी उठावं तर तोडायला फूलच नाही. नुसती वाळत चाललेली झाडं उपटायची. शेवंतीला अजून अवकाश असतो. त्याच सुमाराला ओझरच्या अंगाने धुकं यायला लागतं, पहाटेचं विमान दिसत नाही पण ऐकू येतं, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावासा वाटतो. आज सकाळी तसंच झालं, आणि मी स्टूल लावून पोटमाळ्यावरची निळी पिशवी खाली काढली.

पिशवीची चेन उघडली की आधी रबराचा वास येतो आणि मागोमाग टाल्कम पावडरचा. रबराची घडी एकमेकांना चिकटू नये म्हणून मी होडीला पावडर लावून ठेवते. लहान पोराला लावावी तशी, काखेत, मानेत, घडीघडीत. सून म्हणते, मम्मी, या होडीचे जेवढे लाड करता तेवढे आमचे नाही केले. खरंच आहे तिचं. पण होडीने कधी उलटून उत्तर दिलं नाही.

उलटली मात्र एकदा. ते पुढे सांगते.

हल्ली नाशिकमध्ये अशा हवा भरायच्या होड्या बऱ्याच जणांनी घेतल्या आहेत. शनिवार आला की कुणाचा तरी फोन येतो. काकू, होडी तर आणली, आता न्यायची कुठे? सुरुवात कोणत्या पाण्यात करू? गळ टाकून बसायला शांत जागा कुठली? आणि मी सांगते. मोठ्या बँकेतला माणूस असतो, इंजिनिअर असतो, एक तर डॉक्टर होता, पण सगळे माझं निमूट ऐकून घेतात. मला यातलं कळतं. हे वाक्य मी आता न लाजता म्हणते. पन्नाशी ओलांडल्यावर कळायला लागलेली ही पहिली गोष्ट आहे जी मला कुणी शिकवली नाही, सासूने नाही, नवऱ्याने नाही, मुलांनी तर नाहीच.

होडी आमच्या रोहितची. त्याने हौसेने घेतली, दोनदा फुगवली आणि कॅनडाला गेला. जाताना म्हणाला, "मम्मी, ही विकून टाक." मी हो म्हटलं आणि पिशवी धान्याच्या कोठीमागे सरकवून दिली. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

आता सांगता येतं. आमचं घर मोठं, मळ्यात माणसांची ये-जा मोठी. सकाळी पाचला पहिली हाक येते. मम्मी, वहिनी, काकी, सुनंदा, अगं ऐकलंस का. गजरे करणाऱ्या बायका, फुलांचे क्रेट न्यायला आलेला टेम्पोवाला, सिलिंडर, पाव्हणे. मी वैतागून हे लिहीत नाही, मला माणसं आवडतात. पण लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी मी अशी कुठेच बसले नव्हते की जिथे माझ्यापर्यंत कुणाला चालत येता येणार नाही. बाथरूमचं दारसुद्धा आमच्याकडे लोक वाजवतात. पाण्याच्या मध्यावर एकटीने बसायचं, एवढीच माझी इच्छा होती. मासा मिळाला तर बरंच, नाही मिळाला तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. झेंडू असाच नुकता संपलेला. मी ठरवलं, सुरुवात घरच्याच पाण्यात करायची. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला शेततळं आहे. द्राक्षवाल्यांकडे असतं तसंच, चौकोनी, खोल, आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. त्याच्याहून शांत पाणी मी आजवर पाहिलेलं नाही. लाट नाही, गवत नाही, प्रवाह नाही. सकाळी त्यात आभाळ असं पडलेलं असतं की पाय ठेवायला जीव होत नाही. नवशिकीला आणखी काय हवं? स्वतःचं तळं, घरापासून हाकेच्या अंतरावर. लाइफ जॅकेट पिशवीतच राहिलं. आपल्याच शेततळ्यात कुणी जॅकेट घालतं का!

पायाच्या पंपाने हवा भरली, साडीवर रोहितचा जुना शर्ट चढवला आणि बसले. दोन वल्ही मारली. पाणी हललं, होडी हलली आणि मग दोन्ही थांबली. चार-पाच मिनिटं असेन मी तिथे. बांधामुळे मळा दिसत नव्हता, घर दिसत नव्हतं, नुसतं पाणी आणि वर एक घार. माझ्या छातीतून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मग मला वाटलं, जरा उभं राहून बघावं.

पाण्यात पडल्याचं भय वाटलं नाही, कारण काठ दोन हातांवर होता. भय काठाला हात लागल्यावर वाटलं. शेततळ्याच्या कागदावर शेवाळ धरतं. हात ठेवला की हात घसरतो, पाय टेकवला की पाय घसरतो, आणि उतार असा की माणूस परत होता तिथेच येतो. मी तीनदा वर चढले आणि तीनदा खाली आले. तिसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं. ओरडलेसुद्धा की नाही, आठवत नाही. पण रोहितचे पप्पा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते, ते कशाने कोण जाणे पण बांधावर आले. हातातल्या नळीचं भेंडोळं त्यांनी तसंच खाली फेकलं, दुसरं टोक कुंपणाच्या अँगलला वेढलं आणि मला ओढून काढलं.  मी बांधावर पालथी पडले.

मोठी गोष्ट त्या दिवशी मला कळली, ती मी आता प्रत्येक फोन करणाऱ्याला पहिल्यांदा सांगते. पाणी शांत आहे की नाही ते नंतर बघा. पडल्यावर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येता येतं का, ते आधी बघा. शेततळ्यात कधीही होडी घालू नका, कितीही मोह झाला तरी.

रोहितचे पप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हा माणूस ओझरच्या विमान कारखान्यात सगळी नोकरी इन्स्पेक्शनला होता. प्रत्येक रिव्हेट टॉर्च लावून बघायचा. ज्याच्यात खोट निघेल ते पुढे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला आहे. घरात पोळीसुद्धा उजेडात धरून बघतात. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "होडी इकून टाकायची."

"नाही विकायची."

"सुनंदा, मला परत तसं बघायचं नाय."

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं की माझा घास हातातच राहिला. आम्ही दोघं एकमेकांना असं काही म्हणत नाही. आमच्या पिढीत ती पद्धतच नाही. त्यांच्या भीतीवर मला राग धरता येईना, आणि माझी ती चार मिनिटंही सोडवेनात. दोन्ही खरं होतं.

"मग मी असं पाणी शोधते," मी म्हटलं, "की ते बघून तुम्हाला भीती वाटणार नाही."

"अन् नाय सापडलं तर?"

"शिमग्यापर्यंत नाही सापडलं तर विका."

त्या हिवाळ्यात मी तळ्यांची स्थळं पाहिली. दुसरा शब्द मला सुचत नाही. माझं लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी जसं केलं तसंच मी केलं. एका भेटीत होकार द्यायचा नाही. शेजारीपाजारी चौकशी करायची. चांगल्या कपड्यांत बसलेलं बघायचं आणि मग न सांगता दुपारी जाऊन पाहायचं. फुलं बाजारात पोचवून पिकअप रिकामा परत यायचा, तो हे वाटेत कुठल्या तरी पाण्याकडे वळवायचे. गाडीतून उतरायचे, काठाने फिरायचे, बुटाने माती दाबून बघायचे. त्यांचं इन्स्पेक्शन चालू असायचं.

शहराजवळचं मोठं धरण आधी पाहिलं. सकाळी आठला ते इतकं देखणं होतं की मी मनात कुंकू लावून मोकळी झाले. सुदैवाने आम्ही जेवणाची शिदोरी नेली होती आणि दुपारपर्यंत थांबलो. बाराच्या पुढे डोंगरांकडून वारा आला आणि त्या एवढ्या पाण्याला सगळीकडून सुरकुत्या पडल्या. तासाभरात लाटा काठावर आपटायला लागल्या. रबरी होडी त्यात कागदाच्या द्रोणासारखी गेली असती. यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी डबा बंद केला.

मग माझ्या माहेरच्या बाजूला, चांदवडकडे, कांद्याच्या शेतांमधला एक पाझर तलाव. लहानपणी मी त्याच्या काठी शेळ्या पाहिल्या होत्या, म्हणून जीव ओढत होता. वारा नाही, गर्दी नाही. भाऊ म्हणाला, "ताई, इथं कुणी तुला इचारणार नाय, बस दिवसभर." पण उन्हाळ्यात तो तलाव आटतो, आणि आटलेल्या जागी बाभळी वाढतात, हे मलाच ठाऊक होतं. पाण्याखाली त्यांचे काटे तसेच उभे असतात. रबराला ते कसे चालतील? माहेरचं असलं म्हणून खोट झाकायची नसते. दुसऱ्या एका रविवारी दारणा धरणाच्या बाजूला निघालो, तर नाशिकच्या द्वारका चौकातच तासभर अडकलो. मागे पिकअपमध्ये फुगवलेली होडी, कारण पोचून हवा भरायचा यांना कंटाळा आला होता. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, पूर येणार हाय का?" हे त्या दिवशी पहिल्यांदा हसले. तिथलं पाणी बरं होतं, पण निम्म्यावर जलपर्णी. वल्हं त्यात अडकलं की सुटत नाही.

संक्रांत झाली. तिळगूळ संपला. माझ्या हातात दोन महिन्यांहून कमी उरले होते, आणि खरं सांगते, एक-दोनदा मी पिशवीकडे पाहून मनातल्या मनात तिचा निरोप घेतला होता.

दिंडोरीच्या अंगाचं ते तळं आम्हाला फुलांच्या रोपांमुळे सापडलं. रोपं आणायला गेलो होतो. त्याचं नाव मी कुणालाच सांगत नाही, इथेही सांगणार नाही. गळ टाकणारी सगळीच माणसं या बाबतीत अप्पलपोटी असतात आणि मी त्यांतलीच एक झाले आहे. मातीचा जुना बांध, तिन्ही बाजूंनी बुटके डोंगर, एका काठावरून मारलेली हाक दुसऱ्या काठावर ऐकू जाईल एवढंच पाणी. काठावर एक बाई जाळं निवडत बसली होती, लीलाबाई. तिचा नवरा तिथल्या मच्छीमार सोसायटीत आहे, तिथे मासे त्यांचे. मी तिला सरळ विचारलं, "मला इथे होडी घालायची आहे, गळ टाकून बसायचंय. चालेल का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला? का मालकास्नी?"

"मला."

"जाळं नाय ना टाकनार? मंग सेक्रेटरीला इचारून घ्या, गळाला कुनी नाय म्हनत नाय." मग हसून म्हणाली, "पवता येतं का?"

"नाही."

"मंग म्हशी उतरतात थितूनच उतरायचं. म्हैस चिखलात फसत नाय आन् खोलात एकदम जात नाय. तिच्या वाटंनं आत जायाचं, तिच्या वाटंनं भायेर."

बांधाच्या डाव्या हाताला तो घाट होता. खुरांनी दाबून दाबून घट्ट झालेली जमीन हळूहळू पाण्यात गेलेली. रोहितच्या पप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत गेले. दहा पावलं, पंधरा, वीस. पाणी कमरेला लागलं तेव्हा ते वळले. तिथून चालत बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर. मग लीलाबाईला विचारलं, "वारा?"

"बाराला उठतो. तवर काठाला लागायचं."

"तळाला झाडंझुडं?"

"कायबी नाय. आमची जाळी फाटली असती की."

 त्यांनी पँट खाली सोडली. "पास," असं ते म्हणाले नाहीत, पण कारखान्यात खोट नसलेल्या भागावर जशी मान हलवत असतील तशी हलवली. आणि पुढच्या रविवारी दोरी घेऊन आले.

निळी नायलॉनची, शंभर फुटी. एक टोक होडीच्या कडीला, दुसरं त्यांच्या हातात. मी जॅकेट घातलेलं, पाणी पारखून घेतलेलं, सेक्रेटरीची परवानगी घेतलेली, तरी दोरी. "अहो, म्हैस तरी मोकळी सोडतात," मी म्हटलं. ते म्हणाले, "म्हशीला पवता येतं." मी जॅकेटचा पट्टा आवळला आणि होडीत बसले.

उरलेला हिवाळा मी त्या दोरीच्या टोकाला मासे धरले. कणकेचा गोळा हळद घालून मळायचा, गळाला चिंचोक्याएवढा लावायचा, बगळे उभे असतील त्या अंगाला सोडायचा आणि बसायचं. पहिली चिलापी लागली तेव्हा माझ्या मनगटापर्यंत झटका आला. मी ओरडले, आणि काठावरून लगेच दोरी ओढली गेली. मासा, गळ आणि मी तिघंही काठाकडे निघालो. लीलाबाई पोट धरून हसली. चिलापी नेमकी एकादशीला सापडली होती, ती मी तिलाच देऊन टाकली.

ते पाणी मी अजूनही डोळे मिटून पाहू शकते. साडेसातला त्याच्यावरून वाफ उठते. आठला उन्हाची पट्टी पलीकडच्या डोंगरावरून उतरायला लागते. पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. होडीखालून पाण्याचा बारीक चुळचुळ आवाज येतो, आणि बसल्या जागी मांड्यांना रबरातून गार लागतं. आणि त्या सगळ्यात मधूनच, "सुनंदा, पाठीमागं सर! सुनंदा, उठू नकोस! सुनंदा, भूक लागली का?" पाण्यावरही हाक पोचत होतीच. मला कधी हसू यायचं, कधी डोळ्यांत पाणी यायचं. मी घरी काही बोलले नाही. एवढं मिळालं तेच पुष्कळ, असं स्वतःला बजावत राहिले. पण ते पुष्कळ नव्हतं.

माझा त्यांच्यावर जीव आहे. हे मी इथे लिहिते कारण तोंडाने म्हणणार नाही. मी त्या बांधावर पालथी पडले होते तेव्हा मला फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि ते एका जागी ठरत नव्हते. त्यांनी काय पाहिलं ते मी पाहिलेलं नाही. मी आतून होते, ते वरून होते. वरून बघणं जास्त वाईट असेल. म्हणून मी दोरीबद्दल भांडले नाही.

शिमगा आठ दिवसांवर आला. त्याच सुमाराला आमच्याकडच्या कांद्याला आवर्तन सुटणार होतं. कालव्याला पाणी सुटलं की तळी हातभर मागे सरतात आणि कालपर्यंतच्या काठावर चिखल उरतो, हे मला होडीच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे हंगामाचा तो शेवटचाच रविवार. सकाळी यांनी नेहमीसारखी दोरी कडीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मी निघाले. घाटापासून दूर, बगळ्यांच्या अंगाला. गळ टाकला. ऊन उतरलं. बराच वेळ गेला आणि मला जाणवलं की आज कुणी काही ओरडलेलं नाही.

दोरीला हात लावला तर ती सैल होती. जरा ओढली, आली. आणखी ओढली, आणखी आली. मी हातावर हात टाकत ओढत गेले, निळी, ओली, थंड दोरी होडीत गोळा होत गेली आणि शेवटी तिचं टोक माझ्या हातात आलं. ते तुटलेलं नव्हतं, निसटलेलंही वाटत नव्हतं. पीळ सुटू नये म्हणून त्याला काडेपेटीने नीट चटका दिलेला होता, आणि ते नीट सोडून दिलेलं होतं.

मी काठाकडे पाहिलं. ते घाटावरच्या दगडावर बसले होते, तळ्याकडे पाठ करून. तोंड रस्त्याकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांना बघवत नव्हतं, आणि त्यांनी मला परतही बोलावलं नव्हतं.

मी वल्हं उचललं आणि तळ्याच्या पार मध्यावर गेले. तिथे किती वेळ होते ते माहीत नाही. माशाने कणीक खाऊन टाकली तरी मी गळ वर काढला नाही. त्या पाण्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी इतकी सुखी होते की मला थोडी लाजच वाटली.

वारा उठायच्या आधी, म्हशींच्या वाटेने, मी काठाला आले. होडीचा तळ मातीला घासला. ते पाठमोरेच होते. मानेवर ऊन आलं होतं, खांदे वर ओढलेले होते.

"आलीस का?" त्यांनी विचारलं.

"आले."

मग त्यांनी वळून पाहिलं.